वडाचा धनी

सावरखेडच्या इंदूताई लोहोकरे रस्त्याकडेच्या जुन्या वडाच्या सावलीत खाणावळ चालवायच्या. गिऱ्हाईक जेवून तृप्त झालं की वडाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "सगळी याची कृपा!" पण त्याच वडाच्या मुळ्यांनी स्वयंपाकघराची भिंत फोडली. भिंत पडली की खाणावळ बंद, म्हणून ती नव्यानं बांधून मागायला ताई नगरपरिषदेत गेल्या.

मुख्याधिकारी दाभाडेसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, तो वड आम्ही लावलेला नाही. पाखरानं बी टाकलं असेल. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही."

"बरं झालं सांगितलंत," म्हणत ताई परतल्या.

पुढच्याच महिन्यात नगरपरिषदेला वृक्षसंवर्धनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वडाखाली मांडव पडला. कलेक्टरसाहेब म्हणाले, "एवढा जुना वड जपलात, म्हणून हा मान!" दाभाडे ढाल घ्यायला उठले, तर त्यांच्याआधी इंदूताई पदर खोचून मंचावर हजर.

"आपण कोण?" कलेक्टरांनी विचारलं.

"वडाची शेजारीण. दाभाडेसाहेबांचा या वडाशी काडीचा संबंध नाही, असं तेच म्हणाले. मग ढालीचं ओझं त्यांना कशाला?"

मांडवात हशा पिकला. दाभाडे घाईघाईनं म्हणाले, "छे, छे! वड नगरपरिषदेचाच!"

"मग मुळ्याही तुमच्याच की!"

आठवड्याभरात नवी भिंत उभी राहिली, तीही मुळ्यांना वाट सोडून. त्या दिवशी पहिलं ताट इंदूताईंनी वडापुढे ठेवलं, हात जोडले. दुसरं दाभाडेसाहेबांकडे धाडलं आणि निरोप दिला, "म्हणावं, वडाच्या धन्याला आमच्याकडे जेवण कायम फुकट!"