हाती शस्त्र होते

मुलांनो, घेतलेल्या शपथेचे एकही अक्षर माणसाने मोडले नाही, तरी ती शपथ मोडलेली असू शकते काय? उत्तराची घाई करू नका. आधी शूरपालाची हकीकत ऐका.

वज्रकूट नावाच्या राज्यात चाळीस व्रती वीर होते. देवीच्या गाभाऱ्यासमोर उभे राहून प्रत्येकाने शपथ घेतलेली असे: निःशस्त्रावर वार करणार नाही, पाठमोऱ्यावर वार करणार नाही, शरण आलेल्याचा जीव घेणार नाही. या शपथेचा लोकांना मोठा आधार होता. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की त्या राज्यातली लेकरे घरात पळत नसत, दाराशी येऊन उभी राहत.

शूरपाल हा चाळिसांतला सर्वांत नावाजलेला वीर. एकदा भर दरबारात त्याने सांगितले की नदीच्या उतारावर शत्रूची टोळी आपण एकट्याने परतवली. राजाने कौतुकाने तिथल्या केरबा नावाड्याला बोलावून घेतले. केरबा म्हातारा होता. दरबारात काय बोलावे आणि काय गिळावे, हे त्याला ठाऊक नव्हते.

तो म्हणाला, "लढाई झालीच नाही, महाराज. नदीला पाणी चढलं, तशी ती माणसं आपणच माघारी गेली. हे सरकार आले दुसऱ्या दिवशी. दमले होते. मीच त्यांना गाडगंभर ताक दिलं."

शेजारचा वीर हळूच म्हणाला, "शूरपाल, ताक तरी एकट्याने संपवलेत ना?" आणि सारा दरबार हसला.

शूरपालाला अन्न गोड लागेना. ते हसू त्याच्या कानांतून जाईना. म्हातारा जिवंत आहे तोवर ते थांबणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले. पण म्हातारा निःशस्त्र होता, आणि शपथ तर मोडायची नव्हती. आपण शपथेला किती जपतो, याचा शूरपालाला त्या वेळीसुद्धा अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो उतारावर गेला. केरबा काठावर बसून भाकरी खात होता. शूरपालाने कमरेची दुसरी तलवार काढली आणि त्याच्यापुढे चिखलात टाकली.

"उचल," तो म्हणाला.

सरकारांची वस्तू पडली, असे केरबाला वाटले. तो लगबगीने उठला. डोईचे मुंडासे सोडून त्याने पात्यावरचा चिखल पुसला. मग मूठ शूरपालाकडे करून, दोन्ही हातांनी तलवार पुढे धरून तो म्हणाला, "घ्या, सरकार. धार शाबूत आहे."

शूरपालाने वार केला.

राजाने त्याला दरबारात उभे केले. शूरपालाचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "त्याच्या हाती शस्त्र होते. तो समोरासमोर होता. शरण आल्याचे त्याने म्हटले नाही."

राजाने वीरांच्या वृद्ध गुरूंकडे पाहिले. गुरू म्हणाले, "अक्षर मोडलेले नाही. म्हणून याला शिक्षा सांगण्याचा अधिकार मला नाही. तो देवीला आहे; तिच्यापुढे हा असाच बोलेल का, ते मला ठाऊक नाही."

शूरपाल ताठ मानेने घरी गेला.

पुढे तो बाजारातून निघाला की एक नवल घडू लागले. शिंपी कात्री खाली ठेवी. सुतार वाकस खाली ठेवी. भाकऱ्या थापणारी बाई कालथा टाकून उभी राही. शूरपालाला प्रथम वाटले, हा आदर आहे. एके दिवशी त्याने गवत कापणाऱ्या एका म्हातारीला विचारले, "मला पाहून विळा का टाकलास, आजी?"

"हातात काही दिसलं की जीव जातो म्हणतात, सरकार," म्हातारी म्हणाली. तिने दोन्ही तळवे उघडे करून त्याला दाखवले.

ते रिकामे तळवे त्याला सोसेनात. तो सीमेवर निघून गेला. या वेळी तो खरोखरच लढला. एका खिंडीत त्याने शत्रूला दिवसभर रोखून धरले, आणि शत्रू हटला तेव्हा शूरपालाचा घोडा मेला होता, तो स्वतः दगडाला टेकून पडला होता, आणि घशात थुंकी उरली नव्हती.

सकाळी जवळच्या गावातल्या दोन बायका पाण्याच्या घागरी घेऊन त्या वाटेने आल्या. शूरपालाने हात हलवला. "पाणी," तो म्हणाला.

धाकटी पुढे झाली. थोरलीने त्याचा चेहरा ओळखला आणि तिचे मनगट धरले. "घागर खाली ठेव. रिकाम्या हातानं उभी राहा." दहा पावलांवर दोन्ही घागरी जमिनीला टेकल्या.

"बाई, मला उठवत नाही," शूरपाल म्हणाला. "देवीची शपथ घेतो. माझ्यापासून तुम्हाला भय नाही."

थोरली दुःखाने म्हणाली, "तुमची शपथ मोडत नाही हो, सरकार. केरबाच्या वेळीही मोडली नव्हती."

गावातून पुरुष माणसे घेऊन येतो, असे सांगून त्या दोघी धावत गेल्या. ऊन चढले. शूरपाल कोपरांवर सरकत घागरींकडे निघाला. माणसे येऊन पोचली तेव्हा तो चार पावले सरकला होता. घागरी तशाच भरलेल्या होत्या, आणि त्याचे प्राण गेले होते.

तात्पर्य: जो शपथेची अक्षरे सांभाळून तिच्यातली दया मारतो, त्याच्या शपथेवर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही; आणि प्राण कंठाशी आले असता त्याला घोटभर पाणी देण्याचे धाडसही कोणाला होत नाही.