गेनबाचा तिसरा आग्रह

कुसळवाडीत एक भोळा गडी राहायचा. गेनबा त्याचं नाव. भोळा म्हणजे किती? एकदा आई म्हणाली, "गेन्या, मी पाण्याला जाते, पिठाकडं लक्ष ठेव." ती परत आली तर परात चाटूनपुसून लख्ख. कुत्रं सगळं पीठ खाऊन गेलं होतं. आणि गेनबा? तो लक्ष ठेवून बसला होता. पापणीसुद्धा लवली नव्हती पठ्ठ्याची.

अंगानं धडधाकट, कामाला वाघ, पण हाताला नोकरी नाही. लग्नाला वर्ष झालं तेव्हा सासरा रावजी आला आणि आपल्या लेकीला, हौसाला, घेऊन बोरखळला माहेरी निघाला. म्हणाला, "जावईबापू, आधी नोकरी धरा. मग लेक नांदायला धाडतो."

हौसा वळून वळून बघत गेली. गेनबाला भडभडून आलं. त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना. जगातल्या बाकी गोष्टी त्याच्या डोक्यावरून जायच्या, पण एक गोष्ट त्याला नीट कळली: नोकरी मिळाली की हौसा येते.

आता नोकरी काय गावात बाभळीला लागते? बाहेर जायला हवं. पण किती लांब? पारावर मंडळी बसली आणि खल सुरू झाला. एक म्हणाला, तोंडातली तंबाखू संपेपर्यंत जेवढं चालणं होईल तेवढंच. दुसरा म्हणाला, म्हैस विकायला जेवढं लांब जातो तेवढं. ज्यांनी आयुष्यात एक अर्ज केला नव्हता, त्यांनी सगळ्यात जास्त सल्ले दिले. शेवटी आईनं निकाल लावला. "गेन्या, दिवेलागणीला घरी येशील एवढ्याच लांब जायचं बघ."

सहा कोसांवर मोराळ्याच्या डेअरीत मुलाखत निघाली. गेनबा पहिल्या एस.टी.नं गेला. बाहेर बाकावर चाळीस जण बसलेले. बसला हाही. दुपार झाली, ऊन कलायला लागलं, एकेकाचं नाव पुकारत होते. याचा जीव सगळा सूर्याकडे. चारच्या सुमाराला शिपाई दारात येऊन ओरडला, "गेनबा कुसळवाडीकर!"

गेनबा उठला. सूर्याकडे बघितलं. शिपायाला हात जोडले आणि म्हणाला, "आता निघायला हवं. नाहीतर दिवेलागणीला पोचायचा नाही."

"अहो, तुमचाच नंबर आलाय!"

"आला खरा. पण उशिरा आला."

आणि गडी चालायला लागला. आई देवापुढं वात लावत होती, तेवढ्यात हा दारात हजर. छाती ही एवढी फुगलेली. "आये, बघ! दिवेलागणीला घरी!"

आईनं कपाळावर हात मारला. "अरे माझ्या कर्मा! काम झाल्याशिवाय कुणी परत फिरतं का? कान उघडे ठेवून ऐक. काम होईस्तोवर परत फिरायचं नाही."

"बरं, आये. नाही फिरणार."

जवळची नोकरी तर हुकली. मग पंधरा कोसांवर सूतगिरणीची मुलाखत आली. पारावरच्यांनी माना हलवल्या, लांब आहे म्हणाले. पण गेनबाला हौसा दिसत होती. तो स्टँडवर गेला, दोन गाड्या उभ्या होत्या, त्यातल्या रिकाम्या गाडीत ऐसपैस बसला. फाटा मागं पडल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आला, तसं गेनबानं सूतगिरणीचं तिकीट मागितलं.

"अहो पाव्हणं, सूतगिरणी पूर्वेला. ही गाडी पश्चिमेला चाललीय. उतरा इथं आणि परत फिरा."

"परत? काम झाल्याशिवाय परत फिरायचं नाही."

"पण तुमचं काम तर मागं राहिलं!"

"मग ते झालं की फिरेन."

कंडक्टर शहाणा होता, तो पुढच्या बाकाकडे गेला. गाडी शेवटच्या गावाला पोचली. सगळे उतरले. ड्रायव्हरनं गाडी वळवून उभी केली, तसा गेनबाही घाईनं खाली उतरला. गाडीच परत निघाल्यावर तीत बसून कसं चालेल? तो पायी पुढं चालत सुटला. दोन दिवस चालत होता. तिसऱ्या दिवशी कुसळवाडीचा कासार त्या मुलखात बांगड्या भरायला गेला होता, त्यानं ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं.

आईनं आधी पोटाशी धरलं, मग पाठीत धपाटा घातला. "अरे खुळ्या, वाट कळत नसली तर त्याच कामाला निघालेला माणूस हेरावा. त्याच्या मागं मागं जावं. तो करील तसं करावं."

"बरं, आये. तसंच करतो."

पुढची मुलाखत वीस कोसांवर, बियाण्यांच्या गोदामात. स्टँडवर गेनबानं एका इस्त्रीच्या सदऱ्यातल्या माणसाला विचारलं, "कुठं निघालात?"

"गोदामात. मुलाखतीला."

झालं! गेनबा त्याच्या पाठीला चिकटला. तो चढला, हा चढला. तो उतरला, हा उतरला. तो शिंकला, यानं ओढूनताणून शिंक काढली. त्याला आत बोलावलं, तर हाही आत, शेजारच्या खुर्चीत. साहेबांना वाटलं, आज दोघांना एकदमच बोलावलंय.

"नाव काय?" साहेबांनी विचारलं.

"यशवंत ढेरे," तो माणूस म्हणाला.

"आणि तुमचं?"

"यशवंत ढेरे," गेनबा म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "लग्न झालंय?"

"हो. बायकोचं नाव शालन."

"तुमचं?"

"झालंय की. शालन."

यशवंत ताडकन उठला. "ए! शालन माझी बायको आहे!"

"असू द्या हो," गेनबा समजूत घालत म्हणाला, "मी तुमच्याच मागं आहे."

साहेब हसून हसून लाल झाले. जागा एकच होती, ती त्यांनी यशवंतला दिली आणि नेमणुकीचा कागद पुढं केला. यशवंतनं कागद धरला. तो करील तसं करायचं होतं, म्हणून गेनबानंही दुसरं टोक धरलं. दोघांनी ओढलं. अर्धा कागद यशवंतच्या हातात, अर्धा गेनबाच्या.

तो अर्धा कागद त्यानं घरी आणून आईपुढं ठेवला. "आये, अर्धी नोकरी मिळाली."

हकिकत ऐकून आईनं मटकन बसकण मारली. "अरे, कुणी काही पुढं केलं की असा हात घालतात का? आपल्यात काही रीत आहे की नाही? पाव्हण्यापुढं ताट आलं तर तो काय करतो? दोनदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग पाटावर बसतो. माणसानं हावरटपणा करू नये, रे."

"दोनदा नको. तिसऱ्यांदा बरं." गेनबानं बोटावर मोजून घेतलं.

आता राहिली एकच मुलाखत, आणि तीही चाळीस कोसांवर. डोंगरातल्या धरणावर चौकीदार हवा होता. पारावरची मंडळी हादरली. एवढ्या लांब तर कुसळवाडीची लेकसुद्धा दिलेली नव्हती! आई म्हणाली, "नको रे बाबा, लई लांब आहे." गेनबा पहिल्यांदाच आईपुढं हट्टानं बोलला. "आये, हौसाशिवाय मला हे घरच लांब वाटतंय."

आईनं डोळ्यांना पदर लावला आणि दशम्या बांधून दिल्या.

धरणावरचे साहेब रडकुंडीला आले होते. त्या रानात माणूसच टिकत नव्हता. गेनबाचे दंड बघून ते खूश झाले. "शाब्बास! नोकरी तुला दिली."

"नको," गेनबा म्हणाला.

साहेब चपापले. "अरे, राहायला खोली देतो. पाणी दाराशी."

"नको, नको."

"बरं बाबा, सणासुदीला चार दिवस रजाही देतो. आता तरी हो म्हण, हात जोडतो!"

"आता तुम्ही एवढं म्हणताच आहात, तर..." गेनबा लाजून म्हणाला, "बरं."

बघा आता! वीस कोसांवर जे जमलं नाही, ते चाळीस कोसांवर आईच्या रितीनं जमवून दिलं. साहेबांनी घाम पुसला आणि बजावलं, "पण एक अट आहे. एकटे गडी इथून पळून जातात. सोमवारी सकाळी बायकोला घेऊन जोडीनं हजर हो. एकटा आलास तर जागा दुसऱ्याला देईन."

गेनबा तरंगतच बोरखळला गेला. त्या दिवशी रविवार होता. नोकरीची बातमी ऐकून सासुरवाडीत एकच धांदल उडाली. हौसा नवं लुगडं नेसली. सासूनं ओटी भरली. गावातल्या बायका ओट्याखाली जमल्या. रावजी लेकीचा हात धरून उंबऱ्यावर आला. म्हणाला, "जावईबापू, माझा शब्द मी पाळला. ही तुमची ठेव. घेऊन जा."

गेनबानं हौसाकडं डोळे भरून पाहिलं. तिच्यासाठी तो दिवसन् दिवस चालला होता. आता ऐनवेळी हावरटपणा करून कसं चालेल?

"नको," तो म्हणाला.

रावजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, थट्टा पुरे झाली. घेऊन जा लेकीला."

"नको, नको, मामा."

रावजीचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. "नको? माझी पोर काय रस्त्यावर पडलीय? आता तुम्ही पाया पडलात तरी मी तिसऱ्यांदा म्हणायचा नाही!"

"असं करू नका, मामा!" गेनबा घाबरून ओरडला. "एकदाच राहिलंय!"

रावजी पाय आपटत आत गेला. पण हौसा तिथंच उभी राहिली. ती नवऱ्याला ओळखून होती. काहीतरी घोळ आहे एवढं तिनं ताडलं, आणि लाजलज्जा बाजूला ठेवून चार बायकांदेखत म्हणाली, "अहो, मी म्हणते ना, मला घेऊन चला."

गेनबानं प्रेमानं मान हलवली. "खुळी कुठली! आग्रह यजमानानं करायचा असतो. ताट कधी स्वतः म्हणतं का, मला जेवा?"

हौसा फणकाऱ्यानं आत गेली आणि धाडकन दार लागलं. आतून कडी पडली.

सोमवारी धरणावर दुसरा चौकीदार लागला. गेनबा बोरखळच्या त्या बंद दारापुढं पाटावर बसल्यासारखी मांडी घालून बसला होता. जाणारायेणारा विचारी, "पाव्हणं, काय झालं?"

"काही नाही," गेनबा सांगे, "दोनदा झालंय. मामांना जरा श्वास घेऊ दे."