वरणाला न शिवणारा कावळा

फार पूर्वी, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांवर लहान पोरं राज्य करायची त्या काळात, एका गावात एक दोन वर्षांची मुलगी होती. ती जेवायची नाही.

अगदीच काही खायची नाही असं नाही. तिला तीन पदार्थ आवडायचे: कुरमुरे, गूळ आणि भिंतीचा पोपडा. कुरमुरे संपले की गूळ मागायची, गूळ दिला नाही की भिंतीकडे जायची. स्वयंपाकघराची भिंत तिच्या उंचीपर्यंत गुळगुळीत झाली होती.

पण डाळ, दूध, दही, अंडं, शेंगदाण्याचं कूट, ह्यातलं काहीही समोर आलं की ती ओठ मिटायची. असे मिटायची, की तिथे तोंड कधी नव्हतंच.

त्या काळी प्रोटीन हा शब्द गावात पोचला नव्हता. लोक म्हणायचे, "पोरीच्या अंगी काही लागत नाही." गोष्ट तीच. पोरगी आठ पावलं चालायची आणि बसायची. बाकीची पोरं ओढ्यापर्यंत पळत जायची, आणि ही अंगणाच्या मध्यावर बसून त्यांच्याकडे बघून हात हलवायची. ते बघून आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची.

तिला वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी नाडी बघितली. दंड बघितला. दंड नीट सापडला नाही म्हणून परत बघितला.

"हिला डाळ द्या, दूध द्या, अंडं द्या," वैद्य म्हणाले. "नुसत्या कुरमुऱ्यांवर पोर वाढत नाही. नुसती वाजते."

"आम्ही देतो हो," बाप म्हणाला. "ती घेत नाही."

"मग घ्यायला लावा."

"कसं?"

"मी वैद्य आहे, आई नाही," वैद्य म्हणाले. "पुढच्या पौर्णिमेला परत आणा. तोवर पायात बळ आलं नाही तर कडू काढे सुरू करू. आणि काढा पाजणं वरण भरवण्यापेक्षा सोपं असतं, असं समजू नका."

घरात मोठी माणसं तीन. आई, बाप आणि आत्या. तिघांनी मिळून त्या एवढ्याशा तोंडाला जसा वेढा घातला, तसा कुणी किल्ल्यालाही घालत नाही.

आईनं मुगाचं वरण दाट केलं, पातळ केलं, गोड केलं, आटवून थापून त्याचा चांदोबा केला. पोरीनं चांदोबा कुत्र्याला दिला. कुत्र्याची तब्येत त्या दिवसांत फार सुधारली.

बाप घोडा झाला. घोडा थांबला की एक घास, असं ठरलं होतं. पण घोडा थांबला की पोरगी रडायची, म्हणून घोडा थांबलाच नाही. संध्याकाळी घोड्यालाच वैद्यांकडे न्यावं लागलं.

आत्यानं तर कमाल केली. तिनं एकेका कुरमुऱ्याला सुईनं भोक पाडून आत शिजलेली डाळ भरायला घेतली. सकाळपासून दुपारपर्यंत अकरा कुरमुरे भरून झाले. ते तिनं मूठभर साध्या कुरमुऱ्यांत मिसळले. पोरीनं ते अकरा वेचून बाजूला काढले आणि बाकीचे खाल्ले.

"हिला कळतं कसं?" आत्या ओरडली.

"वन्सं, मला काही विचारू नका," आई म्हणाली. "मला सकाळपासून माझं नावसुद्धा आठवत नाहीये."

नशीब एकदाच उघडलं होतं. पोरीनं आपणहून उकडलेलं अंडं उचललं आणि चाटलं. आत्या किंचाळली, "खाल्लं गं बाई, खाल्लं!" बापानं टाळ्या वाजवल्या. आईनं मुका घेतला. शेजारीण पेढे आहेत का विचारायला आली. पोरीनं अंडं खाली ठेवलं. पुढचे तीन दिवस तिनं भिंतसुद्धा खाल्ली नाही.

हळूहळू तिच्या जेवणाला गर्दी व्हायला लागली. दुपारी आई अंगणात वाटी घेऊन बसली की शेजारीण यायची, कुंभार यायचा, चावडीवरची रिकामी माणसं यायची. प्रत्येकाकडे एक उपाय असायचा. आईनं घास उचलला की सगळ्यांची तोंडं आपोआप उघडायची. सगळं अंगण 'आ' करून उभं, आणि जिच्यासाठी 'आ' करायचा ती गप्प. एकदा त्या गडबडीत कुंभारानं माशी गिळली. तेवढंच कुणाच्या तरी पोटात काही गेलं.

अशाच एका दुपारी आई नेहमीसारखी म्हणत होती, "हा घास काऊचा... हा घास चिऊचा..."

कुंपणावर एक म्हातारा कावळा येऊन बसला.

"कुठाय?" कावळा म्हणाला.

"काय कुठाय?" आई म्हणाली. इतक्या दमलेल्या माणसाला कावळा बोलतो ह्याचं काही वाटत नाही.

"माझा घास. वर्षभर ऐकतोय, काऊचा, काऊचा. दर वेळी उडत येतो, तर घास पोरीच्या झबल्यावर."

"अरे बाबा, ते नुसतं म्हणायचं असतं."

"वा! नाव आमचं, आणि म्हणे नुसतं."

आईला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर ते वरण कुणीही खाल्लं असतं तरी तिला चाललं असतं. तिनं वाटी पोरीपुढे ठेवली, वरणभाताचा एक गोळा केला आणि कुंपणाच्या दगडावर नेऊन ठेवला.

"घ्या काऊदादा. तुम्ही तरी खा."

कावळ्यानं घास एका डोळ्यानं बघितला. मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितला. आणि दोन पावलं मागे सरकला.

आता त्या गावात एक रीत होती. कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवायचा. कावळा त्याला शिवला नाही, तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं, आणि हात जोडून ती पुरी करायचं वचन द्यायचं. त्यामुळे भातापुढे अडून बसलेला कावळा दिसला, की ह्या लोकांचे हात आपोआप जोडले जायचे. तसे ते जोडले गेले. इथे कुणीच गेलेलं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळं अंगण पोरीकडे पाठ करून कुंपणापुढे उभं राहिलं.

"काय इच्छा राहिली असेल हो?" कुंभार कुजबुजला.

बाप पुढे झाला. "मी तंबाखू सोडतो."

कावळा हलला नाही.

"मी ह्यांचा वरवंटा परत करते," शेजारीण म्हणाली.

"माझा वरवंटा तुमच्याकडे होता?" आई म्हणाली.

"मी... मी कमी बोलेन," आत्या म्हणाली.

कावळ्यानं मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. त्याचाही विश्वास बसला नाही.

तेवढ्यात आईला मागून आवाज आला. चप्प.

तिनं मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. पोरगी वाटीपुढे एकटी बसली होती. समोर कुणी नाही, 'आ' नाही, घोडा नाही. तिनं वाटीत चार बोटं घातली, वर काढली, बघितली आणि तोंडात घातली. चप्प. मग परत घातली.

धावत जाऊन पोरीला उचलावं, गावभर ओरडत सुटावं, असं आईला झालं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि मग तिला ते चाटलेलं अंडं आठवलं. तिनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्याच तोंडात कोंबला.

कावळ्याला उंचावरून सगळं दिसत होतं. त्यानं आईकडे बघितलं. आईनं कावळ्याकडे बघितलं.

"अजून काहीतरी राहिलंय," कावळा म्हणाला.

आईनं बोळा काढला. "राहिलंय ना! पुष्कळ राहिलंय. बोला सगळे, थांबू नका."

"मी पहाटे उठून पाणी भरेन," बाप म्हणाला.

"आणि धुणं," आई म्हणाली.

"आणि धुणं," बाप म्हणाला.

"मी गळकी मडकी विकणार नाही," कुंभार म्हणाला.

"म्हणजे आत्तापर्यंत...?" शेजारीण म्हणाली, आणि कुंपणापुढे जोरात भांडण लागलं. आईनं ते विझू दिलं नाही. मागे रिकामी वाटी पालथी पडल्याचा आवाज आला, तेव्हाच तिनं श्वास सोडला.

"मीठ कमी आहे," कावळा म्हणाला आणि उडाला.

आई त्याच्यामागे धावली. "काऊदादा! उद्या याल?"

"येईन. पण खाणार नाही."

"नकाच खाऊ!"

कावळा फांदीवर टेकला. "बाई, आमचं तर पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. एवढी माणसं डोळे लावून बसली की घास घशाखाली उतरत नाही. सगळी कंटाळून पाठ फिरवतात, तेव्हा आम्ही शिवतो. आजवर एकाच्याही लक्षात आलं नाही. बसतात आपली वचनं देत."

त्या दिवसापासून कावळा रोज आला आणि रोज न खाता गेला. गाव रोज हात जोडून उभं राहिलं, आणि पोरीनं रोज त्यांच्या पाठीमागे वाटी संपवली. वचनं देऊन देऊन गाव इतकं सुधारलं की वचनं द्यायला काही उरेना. मग लोक वचन देता यावं म्हणून रात्री नवीन अपराध करून यायला लागले.

आणि एके दिवशी कावळ्याच्या जागी कावळी आली.

"बास झालं," कावळी म्हणाली. "न खायची सवय लागली त्याला. घरी पण खात नाही. अळ्या आणल्या, बेडूक आणला, समोर ठेवून तासभर विनवण्या करते. नुसता एका डोळ्यानं बघतो."

"विनवण्या करू नका," आई म्हणाली. "समोर ठेवा आणि पाठ फिरवा."

"एवढंच?"

"एवढंच. पण फार जड जातं, आधीच सांगते."

कावळी गेली. अंगणात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पौर्णिमेला अजून आठवडा होता.

"आता आपण कुणाकडे बघायचं?" बापानं विचारलं.

"आपापल्या ताटात," आई म्हणाली. मग तिनं गर्दीला विचारलं, "तुम्हाला घरी पोरं नाहीत का?" तेव्हा त्यांना आठवलं, की आहेत. सगळे घाईघाईनं घरी गेले.

तिघं जेवायला बसली. पोरीपुढे पण ताट ठेवलं. तेच वरण, तोच भात, अर्धं अंडं कुस्करून, चमचाभर दही. कुणी 'खा' म्हणालं नाही. पोरीनं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. घोडा कधी होणार, ह्याची वाट बघितली. घोडा भाकरी खात होता. ती काही न खाता उठली.

आईचे कान लाल झाले. पण तिनं एक अक्षर न बोलता ताट उचललं. त्या दिवशी कुरमुऱ्यांचा डबा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीनं दही चाटलं. आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी तिनं आपलं वरण खाल्लं, आपलं अंडं खाल्लं, आणि सरळ आत्याच्या ताटात हात घालून आत्याचं अंडं उचललं. आत्याचं तोंड किंचाळायला उघडलंच होतं. तिनं ताटातली हिरवी मिरची उचलली आणि आख्खी तोंडात घातली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अक्का, काय झालं?" बाप म्हणाला.

"तिखट आहे," आत्या म्हणाली. आयुष्यातलं तिचं सगळ्यात छोटं वाक्य.

पौर्णिमेला तिघं पोरीला घेऊन वैद्यांकडे गेली. वैद्य ओसरीवर पिठलं-भाकरी खात होते. फाटकापाशी पोरीला खाली ठेवलं. ओसरीजवळ एक मांजर बसलं होतं. पोरगी त्याच्यामागे निघाली. आई मनातल्या मनात पावलं मोजायला लागली. आठ झाली. नऊ झाली. पोरगी बसली नाही. ती पळायला लागली, मांजरामागे तिनं अंगणाला दोन चकरा मारल्या, आणि मग दमून नाही, तर भूक लागली म्हणून वैद्यांच्या ताटासमोर बसली. तिनं पिठल्यात हात घातला आणि तोंडात घातला.

वैद्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! शाब्बास गं माझी—"

पुढचा शब्द बाहेर पडला नाही. आत्यानं त्यांच्या तोंडावर हात दाबला होता. टाळी वाजू नये म्हणून बापानं त्यांचे दोन्ही हात धरले होते. आणि आईनं त्यांची मान अगदी हळूच वर वळवली.

"जरा छपराकडे बघा, वैद्यबुवा," आई कुजबुजली. "आमचं पोरगं जेवतंय."

पोरीनं सावकाश सगळं पिठलं संपवलं. वैद्य उपाशी राहिले.

तात्पर्य: पोरानं तोंड उघडावं असं वाटत असेल, तर ताट पुढे ठेवावं आणि आपलं तोंड मिटावं.