देवळाचं तोंड

ऐका पोरांनो, आणि मोठ्यांनीही कान द्या. फार जुनी गोष्ट. वसईच्या किनाऱ्यावर, आमच्या खारभाटात, तेव्हा देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तीन भिंती उभ्या झाल्या होत्या. समुद्राकडची तेवढी राहिली होती. तिचा नकाशा दूरदेशीच्या एका थोर चित्रकारानं काढला होता. तिकडे ते देऊळ कधी बांधलंच गेलं नाही, कागद मात्र गलबतात बसून आमच्याकडे आला, असं म्हणतात.

वाटेत त्यावर खारं पाणी पडलं. कडेचे खांब राहिले, माथ्यावरचा त्रिकोण राहिला, मधलं सगळं पुसून गेलं.

पाद्रीबाबांचं मराठी तेव्हा नुकतं रांगत होतं. त्यांच्या भाषेत दर्शनी भिंतीला चेहरा म्हणत. म्हणून ते इनास पाथरवटाला म्हणाले, “हे देवळाचं तोंड. तू कर.”

इनासनं कागद उलटसुलट करून पाहिला. “करतो बाबा. पण तोंड कोणाचं?”

बाबांना प्रश्न कळलाच नाही. त्यांनी हसून मान डोलावली. झालं!

इनासचा एकुलता मुलगा मनवेल वादळात होडीसकट हरवला होता. त्याची आई सांतान रोज वाळूत बसून समुद्राकडे बघायची. घास गिळेना, कोणाशी बोलेना. मनवेलच्या नावानं मिस्सा, मेलेल्यासाठीची प्रार्थना, करू या म्हणणाऱ्यांवर ती दगड घेऊन धावली होती. इनासला ते बघवत नव्हतं, आणि दुसरं कुठलं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर येतही नव्हतं.

त्यानं भिंत उभी केली. खांब कागदातले, त्रिकोणही कागदातला. मध्ये दोन मोठ्या गोल खिडक्या, वर भुवयांसारख्या कमानी.

पाद्रीबाबा डोकं धरून बसले. “खिडकी एक! मधोमध एक! उद्या हे पाडा!”

इनास सांतानजवळ वाळूत जाऊन बसला. सूर्य बुडायला आला होता, सगळं ऊन त्या भिंतीवर पडलं. आणि असं म्हणतात, की दगड माणसाच्या अंगासारखे उजळले, दोन्ही खिडक्यांतून पाणी वाहू लागलं. सगळा गाव गुडघ्यांवर आला. अंगावर काटा येतो, आजही.

तेवढ्यात सांतान ओरडत पाण्यात धावली. फुटक्या फळीवर पालथा पडून हातांनी पाणी कापत कोणीतरी येत होतं.

“दिशाच कळत नव्हती,” मनवेल म्हणाला. “मग आई उभी दिसली. डोंगराएवढी. रडत होती. तिच्याकडे आलो.”

भिंत पाडायचा विषय पाद्रीबाबांनी पुन्हा काढला नाही.

आजही होड्या दर्यात ढकलण्याआधी खारभाटच्या बायका देवळाचं तोंड धुतात. त्या दिवसाला आम्ही इनासचा दिवस म्हणतो. आधी डोळे, मग बाकीचं. त्या खिडक्यांना झडपा नाहीत, कोणी बसवूही देत नाही. पाऊस आत येतो, येऊ दे. ज्या घरचा माणूस परतलेला नसतो, त्या घरची बाई शिडीवर चढते, ओल्या दगडाला गाल लावते आणि म्हणते, “इनासा, मी जरा जेवून येते. तोवर हिला दर्याकडे बघू दे.”