तळाशी थांबलेला कण

कोण जाणे किती पावसाळ्यांपूर्वी एका ओढ्याकाठच्या चिखलात वाळूचा कण आणि मातीची कणी एकमेकांना बिलगून राहत. धुरपदा कुंभारणीनं तो चिखल उचलून टाकीतल्या पाण्यात ढवळला आणि दोघांची ताटातूट झाली. कण तडक तळाशी जाऊन बसला. कणी वरच तरंगत राहिली.

"लवकर ये ना गं!" त्यानं हाक मारली.

"येतेच आहे रे! पण मी एवढीशी, पाणी मला खाली सोडतच नाही."

त्याला काही ते पटेना. हिला यायचंच नाही, असं म्हणून स्वारी रुसून बसली.

तेवढ्यात धुरपदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, जाडंभरडं खाली बसलं. वरचं बारीक ओतून घ्या आता."

गढूळ पाणी दुसऱ्या टाकीत गेलं. जाताजाता कणीची हाक अगदी त्याच्या डोक्यावरून आली. ती पोचतच आली होती!

वाळू अंगणाच्या कोपऱ्यात पडली. उन्हात तापताना कणाचा रुसवा केव्हाच गळाला, पण वाट पाहणं काही सुटलं नाही.

उन्हाळ्यात धुरपदानं तीच वाळू ओली करून पसरली आणि तिच्यावर त्या ओतून घेतलेल्या बारीक मातीचा नवा माठ ठेवला. माठाच्या बुडातून एक गार थेंब कणावर पाझरला. पाठोपाठ ओळखीचा आवाज आला.

"आले रे. मला वेळ लागतो, ठाऊक आहे ना?"