तुळसाक्काची उरलेली बांगडी

फार मागची गोष्ट, आमच्या आंबेवणीला धड रस्ताही नव्हता तेव्हाची. तुळसाक्का कासारीण डोक्यावर टोपली घेऊन घरोघर बांगड्या भरायची. बायकांचे हात तिच्या हातात यायचे, त्यामुळे पदराआड लपवलेलंही तिला दिसायचं.

एकदा तिने ठकूबाईच्या सुनेचा, हौसाचा हात धरला. मनगटावर जखमा होत्या, हौसाने स्वतःच करून घेतलेल्या. तुळसाक्का ओरडली नाही. काचेच्या बांगड्या बाजूला सारून तिने लाखेच्या काढल्या, सावकाश भरल्या आणि एक मागे ठेवली.

"हात अपुरा ठेवून उठवतेस?" ठकूबाई म्हणाली. आमच्याकडे ते अशुभ.

"उरलेली उद्या, माझ्या घरी. येशील ना गं हौसा?"

हौसा रोज यायची. तुळसाक्का एक बांगडी भरायची, एक काढून ठेवायची. पण ठकूबाईने बजावलं होतं, "तिला मरणाचं विचारू नकोस, नसलेलं मनात येईल." गावही तेच म्हणायचं. म्हणून तुळसाक्का गप्प राहिली, आणि तिथेच चुकली.

एके दिवशी हौसा आलीच नाही. टोपलीतली उरलेली बांगडी वाजू लागली. लाखेची बांगडी कधी वाजत नाही, पण ती वाजली, असं म्हणतात. तुळसाक्का ती मुठीत घेऊन धावली. वाट चुकली की बांगडी गप्प व्हायची. माळापलीकडे हौसा एकटी बसलेली दिसली.

"हौसा, जीव द्यायचं मनात आहे का गं?"

हौसा म्हणाली, "रोज असतं. कुणी विचारलंच नाही."

"मग सांग. मला घाई नाही. टोपली दारातच टाकलीय, एव्हाना माकडांनी बांगड्या भरून घेतल्या असतील."

हौसा रडता रडता हसली, मग बोलत राहिली. तिचं बोलणं संपेपर्यंत सूर्य जागचा हलला नाही, असं म्हणतात. ठकूबाई सुनेला शोधत धापा टाकत आली, तेव्हा तुळसाक्काने तिलाही शेजारी बसवलं. "बोलू नकोस, ऐक. आता हिला एकटी सोडायची नाही. आपण आळीपाळीने राहू."

वाईट दिवस पुढेही आले. तेव्हा हौसा स्वतःच निरोप धाडायची, "अक्काला सांगा, बांगडी वाजतेय." ती नातवंडं बघून म्हातारपणी गेली.

अजूनही आंबेवणीत बांगड्या भरताना एक मागे ठेवतात. दुसऱ्या दिवशी बाई आली नाही तर कुणीतरी ती घेऊन दाराशी जातं आणि सरळ विचारतं. परवा शेजारचं दार दुपारपर्यंत उघडलं नव्हतं. लोक मला भोचक म्हणतात, म्हणोत. मी बांगडी घेऊन गेले आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवत राहिले.