खाजणाकडे कललेले दिवे

एक होता राजा. राजा एक, पण राज्य काही एक नव्हतं, बरं का. वरचा अर्धा भाग उंच माळ, आणि माळ उतरला की पार समुद्रापर्यंत खाजण. खाजण म्हणजे ठाऊक आहे ना? भरती आली की पाणी आत येतं, ओहोटी लागली की नुसता चिखल उरतो, तशी जमीन. माळ आणि खाजण यांच्या मधे एक लांबलचक बांध होता. कुशा, गोधडी ओढू नकोस. ईरालाही पांघरायची आहे.

तर माळावर ज्वारी पिकायची, मेंढरं चरायची. राजाचा महालही तिथंच. खाजणात मिठागरं होती, मासळी होती, चिंबोऱ्या होत्या, म्हणजे खेकडे. माळावरच्यांचा देव वेगळा, खाजणातल्यांचा वेगळा. बोली वेगळी, पागोटं बांधायची रीतही वेगळी. एकमेकांवर फार जीव होता असं काही मी सांगणार नाही. उगाच खोटं कशाला सांगू? पण खाजणात गोड पाणी नव्हतं आणि माळावर मीठ नव्हतं. त्यामुळे बांध ओलांडल्यावाचून कुणाचंच चालत नसे.

आणि त्यासाठी एक रीत होती. फार जुनी. दुसऱ्याच्या जागेतून काही घ्यायचं, तर पहिला वाटा त्या जागेतल्या माणसाच्या उंबऱ्यावर ठेवायचा. खाजणातली बाई माळावरच्या विहिरीवर आली, की भरलेली पहिली हंडी विहिरीवाल्याच्या उंबऱ्यावर ठेवायची. मग आपल्या हंड्या भरायची. माळावरचा माणूस मिठाला गेला, की पहिली पाटी मिठागरवाल्याच्या दारात. त्याशिवाय बैलगाडी हलायची नाही. जमिनीखाली जागेवाली राहते, ती सगळं बघते, असं म्हणायचे. तिला पाहिलं कुणीच नव्हतं. पण भीत सगळेच होते.

खाजणात पोवळी नावाची एक मुलगी होती. रोज पाण्याला माळावर यायची, आणि विहीर भिवजी नावाच्या मुलाच्या आईची, म्हणून तिच्या उंबऱ्यावर पहिली हंडी ठेवायची. काठोकाठ भरलेली. कधी एक ओंजळही कमी नाही. त्या म्हातारीच्या मनात भरली की हो! म्हणाली, "सून करीन तर हिलाच." मग काय, दोन्हीकडचे लोक कुरकुरले, नाकं मुरडली, पण लग्न झालं. पोवळी माळावर नांदायला आली. भिवजी राजाचा शिपाई होता. पोवळीचा धाकटा भाऊ धाकू, तो खाजणातच राहिला. आला की बहिणीला चिंबोऱ्या आणायचा आणि दाजीशी गप्पा मारत ओट्यावर बसायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

मग एकदा काय झालं, धाकू चिंबोऱ्यांसाठी चिखल उकरत होता. उकरता उकरता खालून काळं, दाट काहीतरी वर आलं. पाणी नव्हे. बोटाला लागलं ते धुऊन निघेना. त्यानं त्यात वात बुडवली आणि पेटवली. आणि काय सांगू, असा लख्ख उजेड पडला! जमिनीच्या पोटात तेल होतं, बाळांनो. खूप तेल होतं.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. मग राजानं माणसं पाठवली. त्यांनी खाजणात विहिरी खणल्या. मग चामड्याचे मोठमोठे बुधले भरून तेल माळावर जाऊ लागलं. माळावर गल्लीगल्लीत दिवे लागले. चौकात दिवे, गोठ्यात दिवे. राजाच्या महालाला नवे कळस आले. माळावरचे लोक म्हणाले, आमचा राजा किती मोठा!

आणि खाजणात? खाजणात अंधार. तेलाच्या विहिरींवर पहारे बसले. सांडलेलं तेल खाडीत उतरलं. मासे उलटे होऊन तरंगू लागले. मिठागरातलं मीठ काळं पडलं. ते कोण घेणार? ज्यांच्या पायाखाली तेल, त्यांच्याच चुलीवर काही शिजेना.

आता तुम्ही म्हणाल, आजी, ती पहिल्या वाट्याची रीत कुठं गेली? अगदी हेच खाजणातल्यांनी विचारलं. तर राजाचा प्रधान होता, तो म्हणाला, "रीत पाण्याची आहे, रीत मिठाची आहे. तेलाची रीत कुणी सांगितलीय? आणि हे तर जमिनीच्या खालचं. खालचं सगळं राजाचं." मला त्या प्रधानाचा राग येतो. इतक्यांदा ही गोष्ट सांगितली, तरी येतो. पण खरं सांगू का? एकटा प्रधानच चुकला असं नाही. माळावरची चांगली चांगली माणसं, देवाला भिणारी, दारातून कुणाला उपाशी न पाठवणारी, तीही म्हणाली, बरोबरच आहे की. तेल म्हणजे काही पाणी नव्हे.

खाजणातल्यांनी आधी आपला जुना जाणता माणूस पाठवला. तो मेलेल्या मासळीची पाटी घेऊन दरबारात गेला. दरबाऱ्यांनी नाकाला उपरणी लावली. राजानं त्याला एक पोतं ज्वारी दिली आणि परत पाठवलं.

मग त्यांनी बायका पाठवल्या. त्यांनी काळ्या पाण्याची घागर राजापुढं ठेवली. म्हणाल्या, "महाराज, आमची पोरं यात खेळतात." प्रधान म्हणाला, "मग खेळू देऊ नका."

तिसऱ्या वेळी त्यांनी कुणाला पाठवलंच नाही.

खाजणातली तरणी मुलं बांधावर येऊन बसली. तेलाच्या गाड्या अडवल्या. पुढं धाकू. मग जे व्हायला नको ते होत गेलं. माळावरचे मीठवाले पिढ्यान् पिढ्या खाजणात राहत होते, त्यांची घरं खाजणातल्यांनी जाळली. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? काही नाही. खाजणातल्या मासळीवाल्या बायकांच्या पाट्या माळावरच्यांनी बाजारात उलथल्या, त्यांना हाकलून दिलं. त्यांनी तरी काय केलं होतं? पोवळी विहिरीवर गेली की बायका कळशा उचलून निघून जायच्या. आणि माहेरी निरोप पाठवला तर उत्तर आलं, तू आता त्यांची. बिचारीला दोन्ही गावं होती आणि एकही नव्हतं.

राजानं हुकूम काढला. पुनवेला सकाळी फौज बांधावर जाईल. जो आडवा येईल त्याला भाल्यावर घ्या. भिवजीला हुकूम आला. तो ओट्यावर बसून भाल्याला धार लावू लागला. हात चालत होता, पण वर बघत नव्हता. पोवळी म्हणाली, "अहो, पुढं धाकू असेल."

तो म्हणाला, "ठाऊक आहे."

एवढंच बोलला. पोवळीला पुढचं सगळं दिसत होतं. नवरा एकीकडून जाणार, भाऊ दुसरीकडून येणार, आणि संध्याकाळी दोघांपैकी एकच घरी परतणार. कदाचित एकही नाही.

आता ऐका. त्याच दिवसांत एक नवल झालं. माळावरच्या दिव्यांच्या ज्योती कलायला लागल्या. वारा नाही, काही नाही, आणि सगळ्या ज्योती खाजणाकडे तोंड करून वाकल्या. रांगतं मूल आईकडे वळतं ना, तशा. लोकांनी दिवे फिरवून ठेवले, ज्योती परत तिकडेच. राजानं दिव्यांवर काचेच्या हंड्या बसवल्या. तर ज्योतींनी काचा तडकवल्या. मग मोठा होम केला, ब्राह्मण बसवले. होमाचा जाळसुद्धा तिकडेच वाकला. रोज थोड्या जास्त कलायच्या. छपरांना चटके बसायला लागले. दिवे विझवा म्हणावं, तर उजेडाची सवय झालेली. विझवील कोण?

पोवळीच्या घरातला दिवाही तसाच. सासू त्याच्यासमोर बसून होती. मग म्हणाली, "पोवळे, तू किती वर्षं माझ्या उंबऱ्यावर हंडी ठेवत होतीस ग?"

"लहानपणापासून, आत्याबाई."

"आणि आपण एवढे दिवे लावले. तुमच्या उंबऱ्यावर काय ठेवलं?"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "ज्योतीला कळतं तिचं घर कुठं आहे. आम्हालाच कळलं नाही. जा बाई. दिवा घेऊन जा. भिवजीला दाखव."

पुनवेची सकाळ उजाडली. बांधावर एकीकडे भाले, एकीकडे वल्ही आणि कोयते. मधे तेलाच्या बुधल्यांची गाडी. आणि पोवळी हातात पेटता दिवा घेऊन बांधावर आली. दिवसाउजेडी दिवा! लोक बघतच राहिले. ती दोन्ही बाजूंच्या बरोबर मधे उभी राहिली. ज्योत वाकली ती थेट धाकूच्या झोपडीकडे. पोवळी भाल्यांकडे वळून म्हणाली, "अहो, पहिला वाटा राहिलाय."

बस. एवढंच म्हणाली.

भिवजीनं ज्योतीकडे बघितलं. मग भाला खाली टाकला, गाडीवरचा पहिला बुधला पाठीवर घेतला आणि खाजणाकडे उतरायला लागला. मागून फौजेचा नाईक ओरडला, "भिवजी, माघारी फिर! नाहीतर भाला येईल!" भिवजी थांबला नाही. हुकूम मोडला तर काय होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं, बरं का. पण थांबला नाही.

समोर धाकू वल्हं उगारून उभा. त्याला वाटलं दाजी चालून येतोय. मग त्याला पाठीवरचा बुधला दिसला. आणि बुधल्याच्या मागून येणारा नाईकाचा भाला दिसला. धाकूनं वल्हं टाकलं, धावला, आणि दाजीला ढकलून बाजूला केलं. भाला धाकूच्या दंडात घुसला.

कुणीच हललं नाही. नाईकसुद्धा नाही. भिवजीनं मेहुण्याला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं बुधला ओढला, आणि दोघं तसेच रक्तानं माखलेले झोपडीपाशी गेले. बुधला उंबऱ्यावर ठेवला. धाकू म्हणाला, "दाजी, काठोकाठ आहे ना?"

भिवजी म्हणाला, "काठोकाठ आहे."

आणि पोवळीच्या हातातली ज्योत सरळ झाली. माळावरच्या सगळ्या ज्योती सरळ झाल्या.

राजा घोडा दौडवत आला. कललेल्या ज्योतींनी महालाचे पडदे पेटता पेटता वाचले होते ना! घाबरून आला होता. खाजणातला तो जुना माणूस पुढं झाला आणि म्हणाला, "महाराज, पहिला वाटा आमच्या उंबऱ्यावर. खाडी काळी केली ती तुमच्या माणसांनी आमच्याबरोबर चिखलात उतरून साफ करायची. आणि विहिरीवर पहारा दोन्हीकडचा." राजानं मान हलवली. पण राजाच तो! घरी गेल्यावर त्याला वाटलं, एवढं कशाला द्यायचं? पुढच्या खेपेला त्यानं बुधल्यात निम्मं पाणी भरून पाठवलं. झालं! दिवेलागणीला महालातली ज्योत कलली ती थेट राजाच्या दाढीकडे. हसू नका. दाढी जळली त्याची. त्यानंतर मात्र बुधले काठोकाठ भरले जाऊ लागले. प्रधानाला खाडी साफ करायला पाठवलं. चिखलात गुडघ्यापर्यंत.

जळलेली घरं दोन्हीकडच्या लोकांनी मिळून बांधली. खाजणातही दिवे लागले. पण सगळं पूर्वीसारखं झालं असं समजू नका. धाकूच्या हाताला पुन्हा वल्हं पेललं नाही. त्याची होडी भिवजी वल्हवायचा. जन्मभर वल्हवली. आणि खाडीत मासे परत आले तेव्हा पोवळीचे केस पांढरे झाले होते. पहिली मासळी जाळ्यात आली, तेव्हा ती बांधावर बसून रडली. आनंदानं रडली, आणि हे बघायला जे उरले नव्हते त्यांच्यासाठीही रडली.

तेव्हापासून त्या राज्यात दिवा लावला की आधी ज्योत बघतात. सरळ असली तर हात जोडतात. कललेली दिसली, तर घरातलं कुणीतरी उठतं आणि विचारतं, "कुणाचा वाटा राहिला?"

काय रे कुशा? झोपला नाहीस अजून? काय म्हणालास? आपल्या घरातला दिवा कुणाच्या गावच्या तेलावर चालतो?

मला नाही माहीत रे बाळा. इतकी वर्षं बटण दाबतेय, कधी विचारलंच नाही. उद्या तुझ्या बाबांना विचारू. आठवण कर मला.

तर भिवजी, पोवळी आणि धाकू तिकडे माळावर नि खाजणात सुखानं राहिले, आणि आता तुम्ही दोघं इकडे एका गोधडीत सुखानं निजा. आधी ईराला पांघरू दे. हां, तसं. मी दिवा मालवते.